ह गिळणारा साहेब

पहिल्या पाळीचा भोंगा दुपारी चारला वाजायचा. कॉलनीतले बाकीचे बाप घरी आले की आधी शर्ट काढून खुंटीला टांगायचे आणि बनियनवर ओट्यावर हवा खात बसायचे. आमचे अण्णा घरी आले की टाय बांधायचे. येलदरी धरणाच्या पॉवरहाऊसमध्ये ते स्टोअरचे कारकून होते. दिवसभर नट-बोल्ट, ग्रीसचे डबे आणि रबरी वायसर यांच्यात काढून आलेला हा माणूस हातपाय धुवायचा, कपाटाच्या आरशात बघून मरून रंगाचा टाय गळ्याशी बसवायचा आणि आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमधल्या लोखंडी खुर्चीवर ताठ बसायचा. मग माय चहा आणायची. चहा किटलीत, दूध वेगळ्या भांड्यात, साखर वेगळ्या वाटीत. "तिकडं असंच असतं," अण्णा म्हणायचे. तिकडं म्हणजे विलायतेत. आमच्या घरात 'तिकडं' या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. माझी मोठी बहीण लग्न होऊन गंगाखेडला गेली होती, तर तिच्याबद्दल बोलतानासुद्धा माय 'गंगाखेडकडं' असं स्पष्ट म्हणायची, नाही तर घोटाळा व्हायचा.

अण्णा विलायतेला गेले नव्हते हे सांगायला नकोच. ते मुंबईलाही गेले नव्हते. त्यांची विलायत परभणीच्या बाजारातल्या एका रद्दीवाल्याकडून आली होती. तिथं त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं, पुढची दहा-पंधरा पानं गेलेलं, त्यामुळं त्याचं नाव काय आणि ते लिहिलं कुणी हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात तिकडचे लोक घर कसं ठेवतात, पाहुण्याला कसं बसवतात, कुठल्या वेळेला काय खातात, कुणाला पत्र लिहिताना काय मायना घालतात, असलं सगळं होतं. मधेमधे चित्रं होती. उंच चिमण्यांची दगडी घरं, गुलाबाच्या ताटव्याशेजारी वेताच्या खुर्चीवर बसलेले लॉर्ड आणि लेडी, त्यांच्या पायाशी लांब कानांचा कुत्रा. अण्णांनी ते पुस्तक खाकी कागदाचं कव्हर घालून ट्रंकेत ठेवलं होतं. जोडीला रेडिओ होता. संध्याकाळी ते त्याच्या बटणाशी इतक्या हलक्या हातानं खेळायचे, की वाटावं आत कुणी झोपलंय. खरखर, मग एकदम लंडनच्या बातम्या. खालून सांडव्याच्या अंगानं येणाऱ्या पाण्याचा एकसुरी आवाज, पॉवरहाऊसची घरघर, आणि त्या दोन्हींवर तो घडीबंद, इस्त्री केलेला इंग्रजी आवाज. लहानपणी मला वाटायचं की धरणातून वीज निघते तशीच इंग्रजीही निघते.

घरात नियम होते. काही मागायचं तर 'प्लीज', मिळालं की 'थँक यू'. माय 'पिलीज' म्हणायची आणि तेही मुख्यतः शेळीला, शेळी दूध देताना पाय झाडायची तेव्हा. भेटलेल्या माणसाशी आधी हवेबद्दल बोलायचं, हा दुसरा नियम. चैत्रातल्या उन्हात कॉलनीच्या रस्त्यावर अण्णा कुणालाही थांबवून आज हवा कशी छान आहे असं इंग्रजीत म्हणायचे आणि समोरचा डोक्यावरचं उपरणं सारखं करत "ऊन हाय, बाबू" एवढंच म्हणून सटकायचा. त्यांच्या हातात बारमाही छत्री असायची, कारण तिकडचा सभ्य माणूस छत्रीशिवाय बाहेर पडत नाही. परभणीहून ते कस्टर्डच्या पावडरीचा डबा आणायचे; रविवारी ते व्हायचं आणि माय त्याला 'पिवळी खीर' म्हणायची. पुस्तकात वाचून एकदा त्यांनी मोसंबीच्या सालींचा मुरंबा करायला लावला. तो कडू झाला. कडूच असायला पाहिजे असं अण्णांचं म्हणणं पडलं, पण खाल्ला त्यांनीही नाही. मायनं दुसऱ्या दिवशी त्यात तिखट-मीठ आणि हिंग घालून त्याचं लोणचं केलं, ते आम्ही महिनाभर भाकरीशी खाल्लं.

एक पदार्थ मात्र त्यांच्या विलायतेतून आमच्या घरात कायमचा आला. मासे आणि बटाटे. तिकडचे लोक पिठात बुडवून तळलेला मासा आणि तळलेल्या बटाट्याच्या फोडी कागदात गुंडाळून खातात हे अण्णांनी वाचलं, आणि येलदरीत माशांना तोटा नव्हता. भोई लोक सकाळी जाळी काढायचे, त्यांच्याकडून मरळ नाही तर रोहू यायचा. बटाटे जिंतूरच्या बाजारातून. पुस्तकातलं पीठ मैद्याचं होतं. मायनं मैदा बाजूला सारला, बेसनात ओवा, लसूण आणि लाल तिखट घातलं, आणि करडीच्या तेलात मासा सोडला. तो वास आजही नाकात आहे. अण्णा टाय बांधून, जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मासा घेऊन, काटा बोटानं काढत खायचे आणि म्हणायचे, अगदी तिकडच्यासारखा झालाय. माय म्हणायची, तुमी कवा गेल्तात तिकडं.

लोक हसायचे. 'लॉर्ड खंदारे' हे नाव कॉलनीत पडलं होतं. आमच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती असलेलं कॅलेंडर होतं, आणि ज्यांच्यामुळं आम्ही माणसांत आलो त्यांची निळ्या कोटातली तसबीर होती. काहींना वाटायचं टाय त्या तसबिरीवरून आलाय. थोडा आलाही असेल. पण मासे आणि कस्टर्ड तसबिरीवरून आलं नव्हतं हे आमच्या समाजातली मंडळीही जाणून होती, आणि तीही हसायची. अण्णांना त्याचं काही वाटत नाही असं मी समजायचे. माझ्यासाठी घरातला सगळ्यात जाचक नियम वेगळाच होता. "आमी नाही, आम्ही," ते म्हणायचे. "तुमी नाही, तुम्ही. ह कुठं गेला, सुजाता? ह खाऊ नकोस." मला ते कधी सुजे म्हणाले नाहीत, पूर्ण सुजाता. माय 'आमी न्हाई जात' म्हणाली की ते डोळे मिटून घ्यायचे, जणू कुणी ताट पाडलं. मी घरात ह लावायचे आणि बाहेर, मैत्रिणींत, सोडून द्यायचे. इंग्रजीही मला त्यांनीच शिकवलं, त्या पुस्तकातून. शाळेतल्या मुली धड्यातली वाक्यं पाठ करत होत्या तेव्हा मला लॉर्डच्या पुतण्याला चहाचं आमंत्रण कसं लिहायचं ते येत होतं. पुढे तीस वर्षं मी परभणीत इंग्रजी शिकवलं, पण असं आमंत्रण लिहायची वेळ एकदाही आली नाही.

मी दहावीला होते त्या वर्षी, पॉवरहाऊसच्या एका मशीनचा मोठा सुटा भाग परदेशातून मागवला होता. तो पेट्यांत भरून आला, आणि तो बसवून द्यायला सहा आठवड्यांसाठी कंपनीचा माणूस येणार असं कळलं. माणूस इंग्लंडचा. स्टोअरमध्ये पत्र आलं, ते अण्णांच्याच हातात पडलं: मिस्टर हॅरी हॉर्टन. त्या दिवशी ते भोंग्याच्या आधी घरी आले. टाय बांधायचं विसरले. मायला म्हणाले, अगं, साहेब येणार. माय म्हणाली, साहेब तर हाईत की हापिसात. तसला नाही, अण्णा म्हणाले, खरा.

त्यांनी मोठ्या इंजिनिअर साहेबांकडं जाऊन परवानगी काढली की पाहुण्याच्या स्वागताचं भाषण आपण करावं. साहेबांना त्याची गंमत वाटली असावी, ते हो म्हणाले. मग पंधरा दिवस भाषण चाललं होतं. ट्रंकेतलं पुस्तक बाहेर आलं. चार पानं झाली. त्यात विलायतेच्या हिरव्या कुरणांचा उल्लेख होता, तिथल्या न्यायबुद्धीचा होता, गुलाबांचा होता. शेळीसमोर, माझ्यासमोर, आरशासमोर ते भाषण झालं. मायला ते पाठ झालं, अर्थ न कळता. त्याच दिवसांत गंगाखेडहून माझी बहीण आली होती. तिच्या सासरच्यांच्या नात्यात एक मुलगा होता, साखर कारखान्यात नोकरीला, आणि तिकडून माझ्याबद्दल विचारणा झाली होती. दहावी झाली की उरकून टाका, घर चांगलंय, असं तिचं म्हणणं. मायला ते पटत होतं. अण्णा भाषणात इतके बुडालेले की त्यांनी हो-नाही काहीच सांगितलं नाही, साहेब येऊन जाऊ दे मग बघू म्हणाले. माझं पुढचं आयुष्य एका अनोळखी इंग्रजाच्या मुक्कामावर टांगून राहिलं, आणि मला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. मला तो लांब कानांचा कुत्रा सोबत आणील का याची उत्सुकता होती.

तो जीपमधून उतरला तेव्हा रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसं उभी होती. उंच, सडपातळ, हॅटवाला कुणीतरी उतरेल असं सगळ्यांना वाटत होतं. उतरला तो चाळिशीचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, तेलाचे डाग पडलेले बूट, आणि उन्हानं सोललेलं लालभडक नाक. कुत्रा नव्हता. अण्णा लग्नातला लोकरीचा कोट घालून पुढं झाले आणि "मिस्टर हॅरी हॉर्टन" असं म्हणून वाकले. तो हात पुढं करून म्हणाला, "अ‍ॅरी ऑर्टन." अण्णांना वाटलं माणूस बदलला. त्यांनी हातातल्या पत्राकडं पाहिलं, पुन्हा नाव विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मग त्यांनी भाषण सुरू केलं. पहिलं पान होईपर्यंत पाहुणा सभ्यपणे मान हलवत होता. दुसऱ्या पानावर त्यानं मोठ्या साहेबांकडं वळून हळूच काहीतरी विचारलं. साहेबांना हसू आवरेना. तो काय म्हणाला ते हेडक्लार्कनं सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं: हे कुठल्या भाषेत बोलतायत असं पाहुणे विचारतात. अण्णा थांबले. पाहुणा ओशाळून घाईघाईनं त्यांच्याशी काहीतरी बोलला, लांबलचक, आणि त्यातला एकही शब्द अण्णांना कळला नाही. ते 'पार्डन' म्हणाले. तो पुन्हा बोलला. ते पुन्हा 'पार्डन' म्हणाले. तिसऱ्या वेळी सगळा व्हरांडा हसत होता. "खंदारे," हेडक्लार्क म्हणाले, "तुमची विलायत आणि यांची विलायत वेगळी दिसते."

घरी येऊन अण्णांनी कोट काढला, उरलेली तीन पानं घडी करून पुस्तकात ठेवली आणि पुस्तक ट्रंकेत. दुसऱ्या दिवशी चारचा भोंगा झाला, ते आले, शर्ट काढून खुंटीला टांगला आणि बनियनवर ओट्यावर जाऊन बसले. मायनं किटलीतून चहा आणला तर म्हणाले, कशाला एवढी भांडी, स्टीलच्या पेल्यात दे. माझ्या आठवणीत इतकी वर्षं विलायतेची थट्टा करणारी माय त्या दिवशी पहिल्यांदा घाबरली. पेला त्यांच्या हातात देऊन ती आत आली आणि मला म्हणाली, "सुजे, मानूस लय खाली गेलाय."

पाच-सहा दिवस असेच गेले. मग रेस्ट हाऊसच्या खानसाम्याची बायको पाणी भरताना सांगून गेली की गोरा साहेब जेवत नाही. खानसामा त्याला उकडलेल्या भाज्या द्यायचा, त्या तशाच परत यायच्या. केळी आणि बिस्किटं एवढ्यावर तो मशीनखाली दिवसभर राबत होता. मायनं ते ऐकून घेतलं. रविवारी सकाळी तिनं भोयांकडून चांगली दोन शेराची मरळ आणली. तळण काढलं, वर्तमानपत्रात बांधलं, आणि मला म्हणाली चल. अण्णा ओट्यावर होते. कुठं निघालात, त्यांनी विचारलं. कुणाचं तरी लेकरू उपाशी हाय, माय म्हणाली, आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता निघाली.

तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. मायनं कागद त्याच्यासमोर उलगडला. त्यानं आधी त्या माशाकडं पाहिलं, मग बटाट्याकडं, मग मायकडं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं. तो खायला लागला. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. मधेच त्यानं बोटानं वरून काहीतरी शिंपडल्याची खूण केली. माय म्हणाली, आंबट पाहिजे त्याला, आणि मला पळत घरी पाठवून कैरीच्या खारातलं पाणी आणवलं. ते माशावर ओतल्यावर तो डोळे मिटून हसला. प्रत्येक वेळी मायनं काही पुढं केलं की तो 'टा' म्हणायचा. पुढं कळलं की त्याच्या गावाकडं 'थँक यू'ला तसं म्हणतात. माय मात्र घरी येऊन अभिमानानं सांगत होती, ताई म्हणतोय मला, ई म्हणता येत न्हाई त्याला.

त्या पायरीवरच मला ती गोष्ट कळली. खाऊन झाल्यावर त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "ऑट." मला वाटलं काही हवंय. त्यानं सूर्याकडं बोट केलं, पुन्हा म्हणाला, ऑट. हॉट. मग तो घराबद्दल बोलायला लागला, 'आऊस' म्हणाला, 'ओम' म्हणाला. अ‍ॅरी. ऑर्टन. माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं, आणि मी हसायला लागले, आणि मायला म्हटलं, "माय, ह्यो ह खातोय. आपल्यासारखाच." एकदा ते ध्यानात आल्यावर बाकीचं सोपं झालं. जिथं शब्द लागेना तिथं मी मनात ह घालून बघायचे, आणि शब्द लागायचा. काही अक्षरं तो घशातच ठेवायचा, काही ओढायचा, पण तो बोलत होता ते इंग्रजीच होतं, फक्त इस्त्री न केलेलं. मी त्याला लॉर्डच्या पुतण्याला शोभेल अशा वाक्यात विचारलं की आपण आज दुपारी चार वाजता आमच्या घरी चहाला येण्याची कृपा कराल का. त्यानं ते दोनदा म्हणवून घेतलं आणि म्हणाला, येतो.

चार वाजता तो आला. अण्णांना आम्ही सांगितलंच नव्हतं. बनियनवर सापडलेले अण्णा आत पळाले आणि शर्ट घालून, टाय न लावता, बाहेर आले. दोघं लोखंडी खुर्च्यांवर समोरासमोर बसले आणि मी मधे स्टुलावर. अण्णा हळू, सुटं सुटं बोलायचे, ते मी भरभर करून सांगायचे. तो भरभर बोलायचा, ते मी सुटं करून अण्णांना. दोन्हीकडं इंग्रजीच. इंग्रजीचं इंग्रजीत भाषांतर करायचं काम त्यानंतर मला आयुष्यात कधी करावं लागलं नाही. अण्णांनी आधी हवेबद्दल विचारलं. मग ट्रंकेतून पुस्तक काढून लॉर्ड आणि लेडीचं चित्र दाखवलं, आणि अशा घरात तुम्ही राहता का असं विचारलं. हॅरीनं चित्र बराच वेळ पाहिलं. त्यानं सांगितलं की असलं एक घर त्याच्या गावाजवळ होतं. त्याची आई तिथं फरशा पुसायला जायची. पण पुढच्या दारानं नाही, मागच्या. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत होते. चौदाव्या वर्षी तो स्वतः कारखान्यात लागला, रात्रीच्या शाळेत शिकला, आणि पुढं एकदा ऑफिसातल्या जागेसाठी त्यानं मुलाखत दिली. टेबलामागचा माणूस चांगला होता, तो म्हणाला. मी नाव सांगितलं, एक वाक्य बोललो, आणि तो हसला. मी कुठल्या गल्लीतला ते त्याला कळलं होतं. त्यानं मला परत वर्कशॉपला पाठवलं. आमच्याकडं तोंड उघडलं की कळतं.

हे मी सुटं करून सांगितलं. अण्णा म्हणाले, पुन्हा विचार. मी पुन्हा विचारलं. त्यानं तेच सांगितलं.

मग अण्णा बोलायला लागले, आणि हे त्यांनी आम्हाला, मायलासुद्धा, कधी सांगितलेलं नव्हतं. ते चौथीत असताना शाळेत तपासणीला कुणी मोठे गृहस्थ आले होते. अण्णा हुशार म्हणून त्यांना उभं केलं. 'आमी' म्हणून त्यांनी वाक्य सुरू केलं आणि गृहस्थांनी हात वर करून थांबवलं. वाक्य पुरं करू दिलं नाही. कुठल्या आळीतला रे तू, एवढं विचारलं, आणि उत्तर ऐकून खाली बसवलं. त्या दिवशी त्या पोरानं ठरवलं की अशी भाषा शिकायची, जिच्यात आळी कळत नाही. ज्यांना ती येत नाही ते हसतील, हसू देत, पण कुठून आलास म्हणून कुणी विचारणार नाही. एवढ्यासाठी ते पुस्तक, तो रेडिओ, तो ह. मी हे सगळं हॅरीला सांगितलं. त्यानं ऐकलं आणि पुढं वाकून अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

अण्णांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं त्यांना फार लागलंय, आता विलायत कायमची गेली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. इतकं हसले की शर्टाच्या बाहीनं डोळे पुसावे लागले, आणि ते हसताना पाहून हॅरीही हसायला लागला, आणि आत चुलीपाशी मायही. "सुजे," अण्णा म्हणाले. मी चमकून बघितलं. "म्हंजी तिकडं बी आळी हाय की गं."

त्यांच्या तोंडून 'हाय' मी पहिल्यांदा ऐकलं. तसं त्यांना येत असेल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी हॅरी आमच्याकडं यायचा. टाय परत आला, किटली परत आली, फक्त अण्णा आता हॅरीला शिकवायचे. "हाऊस," ते म्हणायचे, "व्हेअर इज द ह?" आणि हॅरी छाती भरून श्वास घेऊन 'ह्‌हाऊस' म्हणायचा आणि दोघं गुडघे बडवत हसायचे. त्यानं अण्णांना बिस्किट चहात बुडवून खायला शिकवलं, जे त्यांनी पुस्तकाच्या भयानं आयुष्यभर टाळलं होतं. मायकडून तो ठेचा खायला शिकला आणि 'बास'ऐवजी 'वाढा' म्हणायला. हेडक्लार्कना मशीनच्या कामात त्याच्याशी काही बोलायचं झालं की ते आमच्या घराकडं माणूस पाठवायचे, खंदारेंच्या मुलीला बोलवा म्हणून. मी शाळेच्या गणवेशात पॉवरहाऊसमध्ये जायचे, मोठ्या साहेबांच्या आणि हॅरीच्या मधे उभी राहायचे.

निरोपाच्या समारंभाला अण्णांनी पुन्हा बोलायची परवानगी मागितली. या वेळी कागद नव्हता. ते मराठीत बोलले, त्यांच्या गावच्या, पार जिंतूरकडच्या मराठीत, एकही ह न लावता. आमी तुमाला लय जीव लावला, असं काहीतरी. पुढं हिरवी कुरणं वगैरे काही नव्हतं. मी शेजारी उभी राहून इंग्रजी केलं. कुणी हसलं नाही. घरी परतताना माय, उत्तर न्यायला पुन्हा आलेल्या माझ्या बहिणीला म्हणाली की गंगाखेडच्या पाव्हण्यांना कळव, इतक्यात न्हाई. बहीण म्हणाली, अगं पण घर चांगलंय. "असू दे चांगलं," माय म्हणाली. "दोन मानसं एकमेकांला समजत नव्हती, ही मधी बसली तवा समजली. ही शिकंल." त्या वाक्यावर मी परभणीला कॉलेजात गेले. अण्णांनी नंतर सगळ्यांना सांगितलं की निर्णय त्यांचा होता, आणि मायनं तो त्यांना घेऊ दिला.

सहा-सात महिन्यांनी, मी सुटीत घरी आले असताना, तिकडून एक जाड पाकीट आलं. पत्र छोटं होतं, शुद्धलेखनाच्या चुका अण्णांनी लाल शाईनं दुरुस्त केल्या. सोबत एक फोटो होता. एकाला एक चिकटलेल्या, धुरानं काळवंडलेल्या बुटक्या घरांची ओळ, आणि त्यातल्या एका घराच्या उंबऱ्यात कमरेला फडकं गुंडाळलेली, बाह्या वर केलेली, कॅमेऱ्याकडं जरा रागानंच बघणारी एक ठेंगणी बाई. हॅरीची आई. अण्णांनी त्या फोटोला जिंतूरहून चौकट करून आणली आणि पुढच्या खोलीत, येणाऱ्याची नजर आधी पडेल अशा जागी, लावला.

ते घर आता नाही, क्वार्टर्स पाडल्या. फोटो माझ्याकडं परभणीत आहे आणि नातवंडं विचारतात ही कोण. मी त्यांना अण्णांचं उत्तर देते. तेव्हा कॉलनीत जो येईल तो त्या बाईकडं बघून थबकायचा आणि विचारायचा, खंदारे, ही मडमीण कोण हो? अण्णा टायची गाठ सारखी करायचे, चहा पुढं सरकवायचे आणि अगदी सहज म्हणायचे, "ती व्हय? ती आमची आत्या. तिकडं दिलीय."